काकूंचा कवड्या

काका, निखिल, आणि इथं जमलेले सगळे.

थांबा, आधी चष्मा लावतो. लिहून आणलंय.

मी न वाचता बोलणारा माणूस, हे तुम्हाला माहीत आहे. याच सभागृहात, याच माईकवर, सापांबद्दल तासतासभर बोललोय आणि हातात कधी चिठ्ठी धरलेली नाही. आज धरलीय. कारण मधलं एखादं वाक्य गाळावंसं वाटेल, आणि ते गाळायचं नाहीये.

माझ्या आधी चौघं बोलले. काकूंच्या शाळेतल्या बाई बोलल्या, शेजारचे बोलले. सगळं खरं बोलले. मी त्यात भर घालायला उभा नाही. एक दुरुस्ती करायला उभा आहे.

दुरुस्ती हा माझा धंदाच. जे मला ओळखत नाहीत त्यांना सांगतो. मी श्रीकांत. इथंच हजीरा वस्तीत राहतो, काकूंच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. दाल बाजारात वजनकाटे दुरुस्त करतो. अकरावी नापास. काटे मी उघडून उघडून शिकलो आणि साप बघून बघून. माझ्याकडे कसलंही प्रमाणपत्र नाही आणि त्याची लाज मला कधी वाटली नाही. उलट, खरं सांगू? अभिमान वाटायचा. शिकलेली माणसं फोन करून विचारतात, "श्रीकांतजी, ये कौन सा है?" आणि मी एका नजरेत सांगतो.

एका नजरेत. हे शब्द लक्षात ठेवा.

सुमनकाकूंची आणि माझी ओळख झाली एका नागामुळे. त्यांच्या न्हाणीघरात निघाला होता. मी पोचलो तर दारात गल्लीतली सात-आठ माणसं काठ्या घेऊन, आणि काकू त्यांच्यासमोर फरशी पुसायचा दांडा आडवा धरून. सापावर उगारलेला नव्हता, माणसांवर उगारलेला होता. म्हणत होत्या, "मारना है? पहले नाम बताओ उसका. नाम नहीं मालूम और मारने चले!" एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेला आवाज तो. काठ्या खाली झाल्या.

मी नाग पिशवीत घेतला. काकू म्हणाल्या, "आता मला शिकव. कोणता कसा ओळखायचा ते."

आणि शिकल्या हो! त्या वयात वही सुरू केली. मला "सर" म्हणायच्या. मी दारात दिसलो की आत हाक जायची, "अहो, चहा टाका, सर आलेत." काका चिडवायचे, "अकरावी नापास सर!" त्यावर काकू म्हणायच्या, "तुम्ही बी.ए. झालात, पाल आणि सरड्यातला फरक सांगा बघू." काका, आठवतं ना?

नागपंचमीला आपल्याकडे पाटावर गंधानं नाग काढतात. नऊ नाग, सगळे सारखे, सगळ्यांना फणा. काकूंनी ती पद्धत मोडली. म्हणाल्या, "घोणसला फणा नाही, मण्यारीला फणा नाही. मग खोटा का काढू?" प्रत्येक साप जसा आहे तसा काढायच्या. एका वर्षी त्यात कवड्या दिसला. मी म्हटलं, "काकू, हा बिनविषारी. याची कोण पूजा करतं?" तर म्हणाल्या, "चावला तर मरत नाही म्हणून लाह्या द्यायच्या नाहीत होय?"

आता कवड्या आणि मण्यार यांतला फरक सांगतो, कारण सगळं त्याच्यावर आहे. दोघंही काळपट, दोघांच्याही अंगावर पांढरे आडवे पट्टे. कवड्या निरुपद्रवी. मण्यार, जिला इथं सगळे करैत म्हणतात, तिचं विष नागापेक्षा जहाल. पट्टे बघायचे. कवड्याचे मानेपाशी ठळक असतात आणि शेपटीकडे विरत जातात. मण्यारीचं उलट. मानेकडे पुसट, शेपटीकडे ठळक. हे मी काकूंना शिकवलं. या वर्षीच्या पाटावरसुद्धा त्यांनी तसंच काढलं होतं. एका पट्ट्याची चूक नव्हती.

नागपंचमीनंतर आठ दिवसांची गोष्ट. दुपार. मी दाल बाजारात एका व्यापाऱ्याच्या दुकानी मोठा काटा लावून दिला होता. हिशेबी माणूस, पाच ग्रॅमचा फरक होता, मी काढला. दुकानात पाच-सहा जण, माझं कौतुक चाललेलं. काम झालं म्हणून चष्मा डबीत घालून खिशात टाकला होता. तेवढ्यात काकूंनी फोटो पाठवला. मागच्या खोलीत, भिंतीलगत साप. पाठोपाठ फोन.

मी फोटो बघितला. हात लांब करून बघितला. चष्मा डबीतून काढला नाही. चार लोकांत डबी उघडायची, नाकावर चढवायचा... म्हटलं, कशाला. त्या महिन्यात हजीऱ्यात पाच कवडे धरले होते. म्हटलं, हा सहावा.

"कवड्या आहे काकू. राहू द्या, जाईल."

काकू म्हणाल्या, "अरे, पट्टे शेपटीकडे जास्त ठळक दिसतायत. नीट बघ ना."

फोन स्पीकरवर होता. मी म्हटलं, "काकू, एकतीस वर्षं तुम्ही शिकवलंत. आता जरा माझं ऐका."

दुकानातले हसले. काकूही हसल्या. म्हणाल्या, "बरं बाबा, सर म्हणतील तसं." फोन ठेवला.

व्यापारी म्हणाला, "भाऊसाहब ने बोल दिया तो बोल दिया."

काकूंची पाठ दुखायची म्हणून त्या खाली सतरंजीवर झोपत. त्या रात्रीही तशाच झोपल्या. मण्यारीचा दंश टोचल्यासारखा, कधी तोही कळत नाही. सूज नाही, रक्त नाही. पहाटे त्यांच्या पोटात दुखायला लागलं. काकांना वाटलं पित्त. मग पापण्या मिटायला लागल्या, बोलणं जड झालं. काका त्यांना घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न बरोबर विचारला, "घर में साँप तो नहीं निकला?"

काका म्हणाले, "निकला था. मगर बिना ज़हर का. हमारे जानकार ने फोटो देखके बताया."

जानकार म्हणजे मी.

काका, तुम्ही विश्वासानं सांगितलंत. पण त्या एका वाक्यामुळे डॉक्टर दुसरीकडे शोधत राहिले. दुपारी लक्षणं बघून त्यांनी सापाच्या विषावरचं इंजेक्शन सुरू केलं. तोवर उशीर झाला होता. दोन दिवस काकू यंत्रावर श्वास घेत होत्या. मग गेल्या.

आता पुढचं. हे काकांनी तुम्हा सगळ्यांना सांगितलंय. रिक्षातून नेताना काकू कशाबशा म्हणाल्या, "त्या कवड्याला मारू नका हं."

दवाखान्यात नेलं त्याच संध्याकाळी मी काकूंच्या घरी जाऊन शोधलं. चष्मा लावून. घडवंचीच्या मागे, भिंतीच्या पटियांमध्ये, म्हणजे दगडी लाद्यांमध्ये, बोटभर फट आहे, तिच्या तोंडाशी सापडली. मण्यार. पाठीच्या कण्यावर षटकोनी खवल्यांची रांग, शंकेला जागा नाही. बरणीत घेतली. बाहेर काका उभे होते. त्यांनी विचारलं, "दुसरा निघाला का रे? विषारी?"

मी म्हटलं, "हो."

एवढंच. हो.

त्या एका "हो"तून दोन साप जन्माला आले. एक काकूंचा कवड्या, मी बरोबर ओळखलेला. आणि दुसरी मण्यार, कुठून तरी आलेली. तेरा दिवस मी हे ऐकतोय. लोक माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणतात, "श्रीकांत, तू तर बरोबरच सांगितलं होतंस. नशीब."

मंडळी, दुसरा साप नव्हता.

बरणीतल्या सापाच्या शेपटीचं टोक तुटलेलं होतं. त्याच्या वर दोन पट्टे एकमेकांत मिसळून फुलीच्या खुणेसारखा आकार झाला होता. घरी जाऊन मी काकूंचा फोटो उघडला, बोटांनी मोठा केला. तेच तुटलेलं टोक. तोच आकार. आणि पट्टे शेपटीकडे ठळक. काकू म्हणाल्या होत्या तसे. त्यांनी बरोबर ओळखलं होतं. मी त्यांना गप्प केलं.

हा फोटो रोज बघतो. जेवताना बघतो, काम करताना बघतो. पुसून टाकता येत नाही. प्रत्येक वेळी वाटतं, आज तरी पट्टे मानेकडे सरकले असतील.

मग मी बोललो का नाही? हिंमत नव्हती. आजही बोललो नसतो. परवा निखिल भेटायला आला. म्हणाला, "दादा, बाबांना समजाव ना. वो दरार बंद ही नहीं करने दे रहे. मिस्त्री दोनदा परत पाठवला. म्हणतात, आत हिचा कवड्या आहे, तिनं सांभाळायला सांगितलंय. शाम को वहीं खटिया डालके बैठते हैं, उससे बातें करते हैं."

काका.

मला तिकडे बघवत नाहीये, पण तुमच्याकडे बघूनच बोलतो. त्या फटीत कवड्या नाही. कधीच नव्हता. तुम्ही ज्याच्याशी बोलता, तो मी माझी अब्रू वाचवायला तिथं ठेवलेला आहे. ती फट जमिनीत खोलवर जाते, तिथून आणखी काहीही येऊ शकतं, आणि मी तुम्हाला तिच्याजवळ बसू दिलं. तेरा दिवस. काकूंची शेवटची आठवण मी तुमच्याकडून काढून घेतोय, हे मला कळतं. पण ती माझ्याच चुकीची आठवण आहे. त्यांनी जपायला सांगितलं ते माझ्या तोंडचं नाव होतं.

माफी मागत नाही. ती द्यायची का नाही, हा तुमचा विषय, आणि इतक्या लोकांसमोर तुम्हाला त्यात ओढणं बरं नव्हे. उद्या सकाळी सिमेंट आणि थापी घेऊन मी दारात येईन. आत घेतलंत तर फट बुजवीन. नाही घेतलंत तर सामान पायरीवर ठेवीन, मिस्त्री बुजवेल. पण आज तिथं बसू नका.

आणि तुम्ही सगळे. माझा नंबर तुमच्या फोनमध्ये आहे. साप धरायला बोलवायचं असेल तर बोलवा. पण फोटो पाठवून नाव विचारू नका. मी सांगणार नाही. कुणी कितीही खात्रीनं सांगितलं तरी, घरात साप दिसला आणि माणसाला बरं वाटेनासं झालं, तर डॉक्टरला फक्त एवढंच सांगा की साप होता. "बिनविषारी" हा शब्द तोंडातून काढू नका.

काकू मला थट्टेनं सर म्हणायच्या. त्या दुपारी धड्याचं उत्तर त्यांना आलं होतं, मला नाही.

आपण सगळे उभं राहू या. दोन मिनिटं. कुणी काही पुटपुटू नका, जपसुद्धा नको. त्या दुपारी काकू काही सांगत होत्या आणि मी त्यांना बोलू दिलं नाही. तेवढा वेळ त्यांना देऊ या.

काकू, बोला. मी ऐकतोय.