सासऱ्यांच्या कॅल्क्युलेटरमधलं पान

सासरे भामरागडकडे तेंदूपत्त्याच्या फळीवर, म्हणजे विडीची पानं मोजून घेतात तिथं, हिशेब ठेवणारे मुन्शी होते. ते गेल्यावर त्यांचा लाल आकड्यांचा जुना कॅल्क्युलेटर मी उघडला, ते सांगितलं नाही ना तुम्हाला? चांगला चालत होता. आत काय असतं, एवढंच पाहायचं होतं. साफ करून पुन्हा जोडला, तर बंद.

बायको म्हणाली, "बाबाची तेवढीच वस्तू हाये घरात. काऊन खोलला?"

"पाहून राह्यलो होतो. सेलामागे कचरा होता, तेवढा काढला."

"कायचा कचरा?"

"तेंदूपानाची घडी."

ती केरात हात घालून बसली. पान सापडलं. तिनं ते सेलामागे खोचलं आणि लाल शून्य उजळलं.

"सेल ढिला बसे, म्हणून बाबानं लावलं होतं."

तेव्हापासून घरात कचरा कशाला म्हणायचं, ते तीच ठरवते. मी अजून घरातच आहे.