भेरूघाट उतरताना

अबोली: …मग सांगा ना बाबा, आत्ता दुसरा ड्रायव्हर कुठून आणू? देवांशला ताप आहे. त्याच्या बायकोनंच फोन उचलला, ती खोटं नाही बोलणार.

प्रतापराव: तर उद्या जाऊ.

भानुमती: उद्या-उद्या करत दिवाळी गेली. गाडी विकत घेणाऱ्या यशवर्धनजींनी तिकडे बडवाहला नदीकाठच्या हॉटेलात ती उभी करायला चबुतरा बांधून ठेवलाय. आज पोचवतो म्हणून मी शब्द दिलाय त्यांना.

प्रतापराव: चबुतरा कुठं पळून जातोय का?

अबोली: मी आहे ना. हेवी लायसन्स आहे माझ्याकडे. रोज विजय नगरहून राजवाड्यापर्यंत माणसं भरून बस नेते मी.

प्रतापराव: ती बस! ती तर अपनेआप चालते. गिअर नाही, झंझट नाही, पाय ठेवला की निघाली. ही एकाहत्तरची बस आहे बेटा. हिला कुणाचाही हात नाही चालत.

अबोली: सुजयदादाचा चालत होता?

प्रतापराव: त्याचं राहू दे.

अबोली: राऊच्या मैदानावर त्याला शिकवत होता तुम्ही, तेव्हा मी मागच्या सीटवर बसून सगळं बघत होते. दादा गिअर टाकताना डोळे मिटून घ्यायचा, यार.

भानुमती: आणि आता बंगळुरूहून फोनवर सांगतो, भंगारात देऊन टाका.

प्रतापराव: मागून बघणं वेगळं, चालवणं वेगळं.

अबोली: ठीक आहे. ट्रॉली मागवते. क्रेननं उचलतील, दोर बांधतील, संध्याकाळपर्यंत पोचेल.

प्रतापराव: ट्रॉली नाही. इंदूर-सनावद, सारी जिंदगी ही त्याच रोडवर चालली. तिथं कुणाच्या पाठीवर बसून नाही जाणार ती.

भानुमती: मग द्या ना चावी पोरीला! तुम्हाला तर समोरचा खांब दिसत नाही. शुगरनं डोळे नेले, हट्ट तेवढा ठेवला.

प्रतापराव: …सुन अबोली. आधी सांग. खाली उतरताना तिसऱ्यातून दुसरा कसा टाकशील?

अबोली: क्लच दाबून न्यूट्रल. क्लच सोडून रेस द्यायची. परत क्लच, मग दुसरा.

प्रतापराव: रेस किती?

अबोली: मतलब… थोडी?

प्रतापराव: थोडी-बिडी काही नसतं. आवाज यावा लागतो. कमी दिलीस तर गिअर जाणार नाही, दात घासतील, आणि गाडी न्यूट्रलमध्ये सुटेल. उतारावर न्यूट्रलमध्ये सुटली तर मग देवच पकडणार तिला. समझली?

अबोली: समझली.

प्रतापराव: मी तुझ्या बाजूला बसतो, बोनेटला लागून. तेल, पाणी, पट्टा, सगळ्यावर काल हात फिरवलाय मी. चावी घे. आणि सेल्फ एकदम नको मारू, जरा दम धर.

(सिमरोल मागे पडलं आहे. इंजिनाच्या आवाजामुळे तिघंही मोठ्यानं बोलत आहेत.)

अबोली: आई, मागे ठीक आहेस ना?

भानुमती: मला काय झालंय? ह्या सीटची कव्हरं मीच शिवलीयत. घरात सोफा आला नाही, पण हिच्या गाद्या दर दोन-चार वर्षांनी नव्या.

प्रतापराव: पॅसेंजर बसायचे त्यावर. सोफ्यावर कोण बसणार होतं?

भानुमती: मी बसले असते.

अबोली: बाबा, स्टिअरिंग जड आहे हो. खांदे भरून आले.

प्रतापराव: गाडी चालत असतानाच वळव. उभ्या गाडीत नाही वळणार ती. बराबर घेतेयस. आता आय.आय.टी. गेलं का?

अबोली: गेलं. पोरं मोबाइल काढून फोटो घेत होती आपला.

प्रतापराव: घेऊ दे. माझ्या वेळेला तिथं नुसती झाडं होती. बायका दुधाच्या बरण्या घेऊन हात करायच्या, मी थांबवायचो. स्टॉप नव्हता, पण थांबवायचो.

अबोली: बाबा, तुम्हाला खरंच विकायची आहे ना ही?

भानुमती: त्यांना काय विचारतेस? मी विकतेय. गाडी माझ्या नावावर आहे. मागच्या महिन्यात जॅक सरकला तेव्हा हे खाली होते. दिसत नाही, आणि खाली शिरायचं! मी आवाज ऐकून धावले तर नुसते पाय दिसत होते बाहेर.

प्रतापराव: लागलं नव्हतं काही.

भानुमती: लागलं नाही म्हणून तर विकतेय. लागल्यावर विकून काय करू?

प्रतापराव: बरोबर आहे तिचं. दिवसाआड स्टार्ट करावं लागतं, ग्रीसिंग असतं, हवा बघावी लागते. नुसती उभी ठेवली तर गंजून मरते गाडी. माझ्यानं होत नाही आता. बस.

अबोली: घाट सुरू झाला.

प्रतापराव: तिसरा टाक. इथूनच टाक, उताराची वाट नको बघू. …रेस… हां. गेला. मस्त.

अबोली: पुढे ट्रकांची रांग आहे, पण चालतेय. नवा रोड बनतोय ना, सगळीकडे खणून ठेवलंय.

प्रतापराव: अंतर ठेव. ब्रेकवर पाय ठेवून बसू नको, हळू-हळू मार आणि सोड.

अबोली: बाबा. ब्रेकच्या हवेचा काटा खाली का येतोय?

प्रतापराव: किती आहे?

अबोली: मघाशी मधोमध होता. आता लाल पट्टीजवळ. मी ब्रेक मारला की अजून पडतो.

प्रतापराव: मारू नको! पाय काढ. सुन, नीट सुन. कुठंतरी हवा निघतेय.

अबोली: हवा संपली तर ब्रेक जाम होतील ना? आमच्या बसमध्ये तर आपोआप लागून गाडी उभीच राहते.

प्रतापराव: ती तुमची नवी गाडी. हिच्यात उलटं आहे. हवा गेली की ब्रेक गेला. जेवढी उरलीय तेवढी सांभाळायची.

भानुमती: अहो, काय झालं?

प्रतापराव: काही नाही. तू दांडा पकडून बस. अबोली, दुसरा टाकायचाय. आता.

अबोली: स्पीड जास्त आहे बाबा, जाणार नाही!

प्रतापराव: म्हणून एकदा ब्रेक मार. एकदाच. जोरात. …सोड. क्लच. न्यूट्रल. क्लच सोड. रेस.

अबोली: दिली!

प्रतापराव: अजून. अजून दे. घाबरू नको, इंजिन नाही फुटत. अजून… आता! क्लच, टाक!

अबोली: …गेला. बाबा, गेला!

प्रतापराव: ऐकतोय मी. आता इंजिनच धरेल तिला. सगळ्या पेडलांवरून पाय काढून घे. समोर काय आहे?

अबोली: वळण. डावीकडे डोंगर. ट्रक आहे पुढे, हळू चाललाय, आपण जवळ जातोय त्याच्या.

प्रतापराव: हॉर्न दे. लांब.

अबोली: देतेय. तो साइड नाही देत.

भानुमती: थांब, मी खिडकीतून सांगते. ए भिया! भिया रे! ब्रेक नही है! आगे बढ़ा ले! ब्रेक नही है!

अबोली: बघतोय तो आरशात. …हां, पळाला. पुढे निघाला.

प्रतापराव: काटा?

अबोली: खालीच टेकलाय.

प्रतापराव: मग ब्रेक विसरून जा. हँडब्रेक आहे, पण तो एकटा ह्या उतारावर नाही धरणार. वळणानंतर काय आहे?

अबोली: दिसत नाही अजून… आता दिसतंय. रोडच्या कामाची गिट्टी, खडी पडलीय. डाव्या बाजूला, डोंगराला लागून. मोठा ढीग आहे.

प्रतापराव: माणसं आहेत का तिथं? नीट बघ.

अबोली: नाही. एक रोलर उभा आहे, पण लांब.

प्रतापराव: तर त्यात घाल.

अबोली: गाडी घालू? ढिगात?

प्रतापराव: डावं चाक चढव. एकदम समोरून नको, बाजूनं घास. चाक रुतलं की क्लच दाब आणि हँडब्रेक ओढ, दोन्ही हातांनी. भानू, डोकं खाली घे!

अबोली: आई, पकड! …

(डावं चाक गिट्टीच्या ढिगात घासत चढतं. गाडी हिसका देऊन रुतते.)

प्रतापराव: उभी आहे?

अबोली: उभी आहे.

प्रतापराव: हँडब्रेक?

अबोली: ओढलाय. हात सोडवत नाहीये माझ्यानं.

प्रतापराव: नको सोडू अजून. भानू? बोल काहीतरी.

भानुमती: बोलतेय. गुडघा आपटला, बाकी ठीक. ते लाकडाचे ठोकळे कुठं आहेत?

प्रतापराव: मागच्या सीटखाली. दोन्ही मागच्या चाकांना लाव, पुढच्या बाजूनं.

भानुमती: माहीत आहे कुठल्या बाजूनं लावतात. जन्म गेला माझा ठोकळे लावण्यात.

अबोली: बाबा, आई ठोकळे लावतेय. हात सोडू?

प्रतापराव: लागले की हळूच सोड. पाणी पी.

अबोली: आता काय?

प्रतापराव: न्यूट्रल करून इंजिन चालू राहू दे, आणि मला उतरव. आवाज येतोय तो ऐकलास? सूं करून. कम्प्रेसरपासून जो पाइप निघतो ना, त्याच्या बाजूनं येतोय. माझा हात धरून ने. गरम असेल, सांभाळ.

अबोली: हा तांब्याचा? बाबा, ह्याच्यावर चीर आहे. नटाच्या जरा आधी. केसासारखी.

प्रतापराव: बोट लाव माझं त्यावर.

अबोली: इथं.

प्रतापराव: …काल ह्याच पाइपवर हात फिरवला होता मी. मला लागली नाही.

अबोली: थंड असताना कुणालाच नसती लागली.

प्रतापराव: डोळ्यांना दिसली असती. पोरीला आणि बायकोला घेऊन घाटात उतरवली मी. नुसता हात फिरवून.

भानुमती: ठोकळे लावले. यशवर्धनजींचा फोन आला होता, मी सांगितलं त्यांना. ते म्हणाले, जिथं आहे तिथंच राहू द्या, क्रेन आणि ट्रॉली पाठवतो. तसंही पोचल्यावर इंजिन काढायचंच आहे, त्या जागी चहाचं काउंटर येणार आहे.

अबोली: इंजिन काढणार आहेत?

भानुमती: मी तुझ्या बाबांना सांगितलं होतं. ऐकून उठून गेले होते.

अबोली: बाबा?

प्रतापराव: गाडी विकली की विकली. ते काउंटर लावोत नाहीतर झुला बांधोत. येऊ दे ट्रॉली.

अबोली: सकाळी तुम्हीच म्हणालात, कुणाच्या पाठीवर नाही जाणार.

प्रतापराव: सकाळी मला अकल नव्हती. आपण तिघं रिक्षानं घरी जाऊ. बंद करून टाक इंजिन.

अबोली: नाही करत.

प्रतापराव: अबोली.

अबोली: ह्याचा दुसरा पाइप आहे की नाही गाडीत?

प्रतापराव: आहे. पाना-पेटीत. मी ठेवलेलाच असतो.

अबोली: मग बदलू. हवा भरू. उभ्या गाडीत ब्रेक तपासू. नाही धरला तर मी स्वतः ट्रॉलीला फोन करीन. आणि धरला तर मी उतरवीन खाली. मी पण घाबरले ना बाबा. आत्ताही घाबरलेली आहे. पण रोज साठ माणसं माझ्या पाठीमागे बसतात. धरत नसताना मी गाडी काढीन असं वाटतं का तुम्हाला?

प्रतापराव: आईला विचार. तिची गाडी आहे.

भानुमती: मला काय विचारता? …ब्रेक तपासल्यावर सांगते.

अबोली: चला. पहिल्यांदा कुठला नट?

प्रतापराव: इंजिन बंद कर आधी. वरचा नट. जोर नको लावू, पितळेचा आहे, आटे जातील. आधी हातानं फिरतो का बघ.

अबोली: फिरतोय. …निघाला. भाजतंय यार!

भानुमती: हा घे पदर… थांब, रुमाल घे. पदर काळा होईल.

प्रतापराव: नवा बसवताना वाकवू नको. आधी दोन्ही टोकं हातानं लाव, मग पाना. एक बाजू पूर्ण कसून दुसरी लावशील तर परत चीर पडेल.

अबोली: दोन्ही लागले. कसते. …बस?

प्रतापराव: अजून अर्धा फेरा. हां, तिथंच. आता स्टार्ट कर आणि काटा बोलत राहा.

अबोली: चढतोय. …चढतोय. लाल पट्टी गेली. मधोमध आला.

प्रतापराव: पेडल पूर्ण दाबून धर. काटा बघ, मला नको बघू.

अबोली: थोडा पडला, आणि थांबला. तिथंच आहे.

प्रतापराव: धरून ठेव. सूं येतंय का कुठून?

भानुमती: मला नाही येत.

प्रतापराव: मलाही नाही. …हवा निघणं बंद आहे. पक्का बंद आहे.

अबोली: आई?

भानुमती: पहिल्याच वळणावर पुन्हा तपासशील?

अबोली: तपासते. वाटलं तर थांबवते.

भानुमती: मग चल. यशवर्धनजींना सांगते, ट्रॉली पाठवू नका, आम्ही येतोय. ठोकळे काढू का?

अबोली: मी ब्रेक धरलाय, रिव्हर्समध्ये चाक गिट्टीतून बाहेर घेते. काढ. …आणि बाबा, तुम्ही मागे कुठं चाललात? पुढे या ना, अर्धा घाट बाकी आहे.

प्रतापराव: मागच्या लांब सीटवर जरा पडतो. पाठ भरून आलीय.

अबोली: आणि गिअर?

प्रतापराव: दुसऱ्यातच उतर सगळा. बदलायला लागलाच तर आवाज कळतो तुला आता.

अबोली: चुकला तर?

प्रतापराव: तर परत टाक.

अबोली: …आई, तू तरी पुढे बस माझ्याजवळ.

भानुमती: आले. हां, इथं बरं दिसतं की सगळं. एवढ्या वर्षांत कधी पुढे बसले नाही मी. इथं नेहमी कंडक्टर नाहीतर कुणी फौजदार बसलेला असायचा.

अबोली: वळण आलं. ब्रेक मारून बघते. …धरला.

भानुमती: काटा?

अबोली: जागेवर. तुला काटा कुठला ते माहीत आहे?

भानुमती: हा काय, समोर. ऑइलचा तो. मला सगळे माहीत आहेत, कुणी विचारलं नाही म्हणून.

अबोली: इंजिनाचं ऐकून वाईट वाटलं मला.

भानुमती: मला पण वाटलं. पण घरी उभी ठेवली असती तर हे पुन्हा खाली शिरले असते. तिथं नदीच्या काठावर राहील, सावली आहे, पोरं चढतील-उतरतील. बरं आहे. …पुढे बैलगाडी आहे बघ.

अबोली: बघितली. दुसऱ्यातच आहे मी. बघ, पायसुद्धा लावत नाहीये ब्रेकला, इंजिनच धरतंय.

भानुमती: ते खाली काय चमकतंय?

अबोली: चोरलची नदी. आता सगळं सरळच आहे. बाबा! संपला घाट! …बाबा?

भानुमती: ओरडू नको. दुसऱ्या वळणावरच झोपले ते. घोरतायत.