वळणावरचं आग्या मोहोळ

अरे, पडेगावच्या शेतात आम्ही चकती फेकून टोपलीत टाकायचा खेळ खेळतो ना, त्यातलं शेवटचं वळण लई वाईट. टोपली डावीकडं, कडुलिंबाच्या दाट झाडीमागं. चकती पडंल तिथूनच पुढची फेक, आन् टोपलीत जाईस्तोवर पाळी त्याचीच, हा नियम माझाच.

त्या दिवशी सलीम आन् मी बरोबरीत.

सलीम म्हणाला, "वळणापर्यंत हळू टाक, मग डावीकडं वळव."

"नाय, झाडीतूनच काढतो!" म्हणत मी जोरात फेकली. चकती फांदीवर आदळली आन् वरचं आग्या मोहोळ उठलं. दोघंबी जमिनीवर पालथे, श्वास रोखून. माशा कानाजवळनं घोंगावत होत्या. बऱ्याच वेळानं त्या परत मोहोळावर बसल्या. चकती बरोबर त्याच्याखाली पडलेली.

सलीम पडल्या पडल्या कुजबुजला, "ऊठ यार, पाळी तुझीच हाय."