डिकीतल्या साखळ्या

नाही, नाही, काच वर नका करू, माझं बोलणं संपलं नाही अजून — दिसतंय हो मला, मागं लिहिलंय ना, ऑल-व्हील ड्राइव्ह, वाचता येतं मला — चारही चाकं ओढतात, मान्य, पण ओढतात, साहेब, थांबवत नाहीत! बर्फावर ब्रेक मारला की तुमची ही नवीकोरी गाडी आणि माझ्या सासूचं जुनं खटारं, दोन्ही सारखीच. टायर? टायर झकास आहेत, बर्फाचेच आहेत, वाकून छाप बघितलाय मी, माझ्या गुडघ्यांना विचारा. म्हणून तर चाकांना बर्फाच्या साखळ्या चढवा असं म्हणत नाहीये. नुसत्या डिकीत असल्या पाहिजेत. आता तुम्ही म्हणणार, चढवायच्या नाहीत तर वागवायच्या कशाला? — बघा, म्हणालातच. एकोणीस हिवाळे उभा आहे या नाक्यावर, एकानंही दुसरा प्रश्न विचारला नाही. अहो, वर खिंडीत हवा फिरली की नियमही फिरतो. मग वरच्या नाक्यावर ऑल-व्हीलबिल्हील काही ऐकत नाहीत, सरसकट सगळ्यांनी चढवायच्या. तेव्हा डिकीतनं काय काढणार तुम्ही? स्की?

नाही, ओळख सांगून उपयोग नाही. गेल्या वर्षी आमच्या चर्चचा पाद्री आला होता, त्यालाही परत पाठवला — अंत्यविधीला निघाला होता बिचारा. मी म्हटलं, फादर, मेलेला माणूस थांबेल, तुम्ही खाली जाऊन साखळ्या घेऊन या. या बाबतीत माझ्याकडं गय नाही. नेडीन म्हणते — नेडीन म्हणजे माझी बायको — म्हणते, वेस्ली, तू घरातही नाका मांडून बसतोस, माणूस आत आला की आधी बूट तपासतोस. असेल. पण माझ्या हातून बिनसाखळीची एक गाडी वर गेली नाही. एकसुद्धा. म्हणजे आज सकाळपर्यंत.

काही नाही. असंच म्हटलं. — ही कॉफी पण काय कॉफी आहे, पेट्रोलपंपावरची, नुसतं काळं पाणी. एरवी नेडीन थर्मास भरून देते. आज नाही दिला. आज ती बहिणीकडं निघाली, खिंडीपलीकडं, मिंडनला. कायमची, असं म्हणते. दरवर्षी मी म्हणायचो, हा एक हिवाळा होऊ दे, मग नोकरी सोडतो, खाली खोऱ्यात घर घेऊ, जिथं फावडं लागत नाही. हे मी सात वर्षं म्हणतोय. मग काल रात्री तिनं बॅग भरली. भरू दे, मी म्हटलं. तुझी मर्जी. आणि गॅरेजमध्ये जाऊन तिच्या गाडीतल्या साखळ्या काढल्या आणि माझ्या पिकअपमध्ये सीटखाली ठेवल्या. — असं बघू नका माझ्याकडं! पळवल्या नाहीत, माझ्याच आहेत त्या, मीच आणल्या होत्या. हिशोब साधा होता: ऑल-व्हील गाडी, नाक्यावर माझ्या जोडीला ग्लेन असणार, तोच डिकी उघडायला लावणार, रिकामी निघणार, येईल मुकाट्यानं घरी. नियमच तिला अडवेल, मला तोंड उघडायला नको.

तर ग्लेनला ताप आला. तरी तुम्हाला वाटत असेल, आज एकटाच का उभा आहे हा म्हातारा. नऊ वाजता रांगेत तिची राखाडी गाडी. मागं आठ गाड्या, हॉर्न वाजताहेत. तिनं काच खाली केली, मी विचारलं — सगळ्यांना विचारतो तसंच, बाई, साखळ्या आहेत ना? माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, आहेत. आता काय करू? डिकी उघड म्हणू? उघडली असती, रिकामी दिसली असती, आणि कुणी काढल्या ते तिला कळलं असतं — तिथंच, आठ गाड्यांसमोर. लाज वाटली हो. मी हात हलवला, जा म्हटलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा डिकी न बघता. आणि आता वर बघा, खिंड दिसतेय का? तासाभरापूर्वी दिसत होती. दोन वाजेपर्यंत मला इथनं हलता येत नाही, आणि तिच्या साखळ्या त्या तिथं, पिकअपमध्ये. तिला काही झालं ना, तर मी —

थांबा. रेडिओ. वरच्या नाक्यावरनं. — हां, क्लाइड, बोल. — कधीपासून? सगळ्यांनी चढवायच्या, बरं, खाली पाटी बदलतो. — काय? राखाडी गाडी, डिकी रिकामी. बाई कशी आहे? क्लाइड, ते नंतर, आधी बाई कशी आहे ते सांग! — बसलीये? तुझ्या केबिनमध्ये? सूप पितेय? — देवा. बरं. बरं. — काय म्हणते ती? परत सांग. — रात्रीच बघितलं होतं मला, साखळ्या काढताना? गॅरेजच्या खिडकीतनं? — आणि तरी मला म्हणाली, आहेत? — का म्हणून? विचार ना तिला. — मी काय करतो ते बघायचं होतं.

हो, ऐकू आलं, क्लाइड. — हो. माझ्याकडंच आहेत. दोन वाजता घेऊन येतो म्हणावं. — नको म्हणते? — बरं.

तुम्ही अजून इथंच? वळवा ती गाडी. रस्ता अडवू नका.