पाचव्या वाढदिवसाचं माप

हॅलो? … हां ताई, बोल. … नाही, कामावरच आहे, पण जेवणाची सुट्टी झालीय आत्ता. अर्धा तास आहे. … जिन्यात उभी आहे, म्हणून घुमतोय आवाज. आत सगळे डबे उघडून बसलेत, तिथे मी आपल्या भाषेत बोलायला लागले की माना वळतात.

तू बोल. घसा का असा बसलाय तुझा? … कोण कोण आलंय? … कापड परत न्यायला? कुठलं कापड?

थांब, थांब. सावकाश सांग. आईने कोणाला फोन केले होते? … सगळ्याच गिऱ्हाइकांना? … पण कधी? … म्हणजे माझ्या ठकीच्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी. आई गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी.

… नाही. मला काही नाही म्हणाली. … अगं, त्यानंतर आमचं बोलणंच कुठे झालं? दुसऱ्या दिवशी मी करणार होते, इथे उशीर झाला. मग म्हटलं उद्या करू. उद्या तुझाच फोन आला.

काय म्हणाली ती त्यांना? नीट सांग. तिचे शब्द सांग. …

… परत सांग.

… "माझा हात गेला. कापड घेऊन जा, दुसरीकडे शिवून घ्या." असं? आई असं म्हणाली? … हसत नव्हती ना म्हणताना? तिला सवय होती, गिऱ्हाइकाची गंमत करायची. … हं. … हं.

… मला काय माहीत ताई, असं काय झालं ते. तू तिथे दहा मिनिटांवर राहतेस, मी इथे. तुला ठाऊक नाही तर मला कुठून असणार? … नाही गं, चिडले नाही. बोल.

… वाढदिवसाला? वाढदिवसाला काय होणार? साधाच दिवस होता. … अगं सांगते ना, ऐक. इथे आल्यावर पहिलाच तिचा वाढदिवस, म्हणून वर्गातल्या सगळ्यांना बोलावलं. वीस कार्डं. कार्डावर वेळ लिहावी लागते, तीन ते पाच. आली चौघं. त्यांच्या आया दारातूनच पोरं आत सोडून गेल्या, आणि पाचच्या ठोक्याला परत हजर. मी आपली, बसा हो, खाऊन जा हो. त्या घड्याळं बघतायत. शेवटी हा मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाला, अगं जाऊ दे त्यांना, पोलिसांना बोलावतील. … हो, हसलो आम्ही. तेव्हा हसलो.

वीस जणांचा केक होता. पुढचे चार दिवस डब्यात केकच नेला मी.

… फोन केला होता की आईने. ऐन गडबडीत. मेणबत्त्या लावायच्या होत्या आणि स्क्रीनवर ही, नाक मोठं आणि कपाळ गायब, नेहमीसारखी. पहिला प्रश्न तोच. घातला का फ्रॉक? दाखव, उभं कर तिला.

… नाही, घातला नव्हता. … बसला नाही तो, ताई. … नाही म्हणजे, हात आत जाईना. मुंढ्यातच अडकला. जोर केला तशी ठकी रडायला लागली, आजीने छोटा केला, आजीने छोटा केला. दारात ती पोरं उभी. मग काय, दुकानातला चमचमता होता तो चढवला. … हो, तो टोचणारा. तोच.

… सांगितलं ना आईला. बसत नाही म्हणून सांगितलं. … चांगलंच सांगितलं गं, ओरडले नाही. … ती म्हणाली, असं कसं होईल, आत दोन बोटं माया ठेवलीय, उसवून सोड. म्हटलं, आत्ता कुठे उसवत बसू? पाहुणे आलेत. … बास. एवढंच. मग मेणबत्त्या. ती बघत होती फोनमधून, टाळ्या वाजवल्या तिने. फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला होता, तो पडला, आणि कट झाला. … हो, पुन्हा नाही लावला.

म्हणून तिने सगळ्यांना कापड परत न्या म्हणून सांगितलं? एका फ्रॉकवरून?

… काय?

… तुला काय म्हणाली? कधी? … रात्री जेवताना. … "सख्ख्या नातीचा फ्रॉक कापता आला नाही, लोकांची कापडं कशाला नासवू."

… नाही, आहे मी. ऐकतेय. … जिन्यातून लोक जातायत, बाजूला झाले.

… ताई, तू रडू नकोस. … अगं, चष्म्याचं तू सांगितलं होतंस ना तिला? मग झालं तर. … हो. … हो, दोन महिन्यांपूर्वीच न्यायला हवं होतं डोळ्यांच्या डॉक्टरकडे, खरं आहे. … हो, न्यायला हवं होतंस.

…

नाही. तुला नाही म्हणाले मी काही. तूच म्हणालीस म्हणून मी… जाऊ दे.

मागे कोण बोलतंय? … बँकेतल्या बाई? काय म्हणतायत? … ऐकू आलं मला. "म्हातारपण कोणाला चुकलंय." … चांगल्या मनाने म्हणत असतील, हो. आणि त्या दुसऱ्या? शाळेतल्या ना, आवाजावरून ओळखलं. … "शेवटी शेवटी हात थरथरायचा." कधी थरथरला? तू पाहिलास? … मग त्यांनी कधी पाहिला? चाळीस वर्षं आईने शिवणीत त्यांची सुटलेली पोटं झाकली, तेव्हा नाही दिसला हात. … बरं, हळू बोलते.

तू काय म्हणालीस त्यांना? … मान हलवलीस? … नाही गं, तुझं काय चुकलं. मीही आत्ता तेच केलं ना. हो म्हणाले तुला.

ताई, ऐक ना. … नाही, आधी ऐक. मशीनचं नंतर बोलू. कोणाला द्यायची ते नंतर. … अगं ऐकशील का?

आईने माप मागितलं होतं माझ्याकडे. वाढदिवसाच्या महिनाभर आधी. … हो, तीनदा मागितलं. पहिल्यांदा म्हटलं टेप खोक्यात आहे, सामान उघडलेलं नाही. दुसऱ्यांदा म्हटलं ठकी झोपलीय. खरंच झोपली होती. मी येते तेव्हा ती झोपलेलीच असते. … माहीत आहे तुला, तरी सांगते. तिथे कॉलेजात चार तास शिकवून घरी यायचे मी. इथे दहा तास खोक्यांवर पत्ते चिकटवते. घरी येते तेव्हा हातात काही धरवत नाही. तिसऱ्यांदा तिने विचारलं तेव्हा मी बसमध्ये होते. … हो, सांगितलं. छाती बावीस, उंची एकवीस.

… कसं म्हणजे? बसमध्ये कसलं माप?

… किती माणसं आहेत गं तुझ्याकडे आत्ता? … तिघी. आणि? … भावजी पण आलेत. बरं.

स्पीकरवर टाक. … टाक म्हणते ना. … नाही, मला बरं वाटतंय, काही झालं नाही. … माझी सुट्टी संपेल, ताई. तू टाक. मग तुला काय बोलायचं ते बोल मला, आयुष्यभर बोल.

… टाकलास?

नमस्कार बाई. मी धाकटी. … हो, इथली सगळी बरी आहेत. … हो, अचानकच. … नाही, येता आलं नाही. कागद पुरे झालेले नाहीत आमचे, एकदा बाहेर पडले असते तर परत आत येता आलं नसतं. … नाही, ते राहू दे. तुम्ही कापड न्यायला आलाय ना, म्हणून बोलतेय. खुशाल न्या. पण हात गेला म्हणून नेऊ नका.

… नाही, मला बोलू द्या. ताई, मध्ये बोलू नकोस.

आईने माप मागितलं, मी घेतलं नाही. गेल्या वर्षीच्या आकड्यात एकेक इंच मिळवला आणि दिला ठोकून. पोरीला टेप लावलीच नाही. फ्रॉक बसला नाही तेव्हा आई म्हणाली, फ्रॉकला टेप लाव, छाती किती भरते सांग, म्हणजे मला कळेल कुठे चुकलं. … हो ताई, म्हणाली होती. मघाशी तुला सांगितलं नाही ते हे. मी तीही लावली नाही. मेणबत्त्या पेटवता पेटवता म्हटलं, कमी भरतंय आई, वीसच आहे, कापताना तुझंच काहीतरी झालं असेल.

ती म्हणाली, असेल बाई.

… ताई, आहेस ना? … ऐकतायत ना सगळ्या?

परवा मी टेप विकत आणली. फ्रॉक पलंगावर पसरून मोजला. छाती बावीस, उंची एकवीस. मी सांगितलं होतं तेवढंच, दोराभर इकडचं तिकडे नाही. मग ठकीला झोपेतच मोजलं. ती चोवीस भरली.

आईचं काही चुकलं नव्हतं. डोळे चांगले होते तिचे. हात चांगला होता. … माझी पोर किती वाढलीय, ते मला माहीत नव्हतं.