निम्म्या नफ्याचे शेअर

दवाखान्यातल्या बाकावर शिंपीणबाई नंबराची वाट पाहत होत्या. कान मात्र शेजारच्या दोघी जावांकडे. धाकटीने फोन ठेवला.

“जाऊबाई, भावजींचे शेअर खपले! ऑपरेशन उद्याच करू.”

“अगं, इतकी वर्षं त्या शेअरना कुत्रं विचारत नव्हतं!”

“कंपनीनं यंदा हिशेब आंतरराष्ट्रीय पद्धतीनं मांडले. आता बाहेरच्यांनाही कळतात, म्हणून घेणारे आले.”

“नफा वाढला म्हण की.”

“छे! या पद्धतीत निम्माच निघाला.”

“आणि तरी घेतले?”

“आधीच्या आकड्यांवर विश्वास कुणाचा होता?”

“ह्यांच्यासारखंच. ‘मला काही झालेलं नाही’ म्हणायचे, तेव्हा माझा डोळा लागत नव्हता. काल डॉक्टरांनी खरं काय ते सांगितलं, तेव्हा कुठे मी झोपले.”

“झोपलात? आमच्या खोलीपर्यंत घोरणं ऐकू येत होतं!”

“आज त्याहून मोठ्यानं घोरणार.”