दगडावरचं 'नाईस'

—नाही ऑर्मरॉडबाई, चूक नाही ती. तुम्ही थडग्याच्या दगडावर 'प्रेमळ माणूस' सांगितलं होतं, मी 'नाईस माणूस' कोरलं. मुद्दाम. बसा, त्या ठोकळ्यावर बसा.

तुमचे मिस्टर आम्हाला शाळेत इंग्रजी शिकवायचे. त्यांच्या तोंडी सारखं नाईस — नाईस हवा, नाईस निबंध. मी पंधरा वर्षांची, शब्दकोश घेऊन झोपणारी. एक दिवस उभी राहिले नि म्हटलं, "सर, हा शब्द लॅटिनमधून आला, काही न जाणणारा असा अर्थ. सातशे वर्षांपूर्वी नाईस म्हणजे मूर्ख! आणि काल तुम्ही पाद्रीबुवांच्या बायकोला नाईस म्हणालात." वर्ग असा हसला! सरही हसले. मला वाटलं, खूश झाले — काय मी पण!

त्याच वर्षी मी शहरातल्या कॉलेजच्या शिष्यवृत्तीला अर्ज केला. शिफारसपत्र सरांचं. नाही मिळाली. का? कोण सांगणार? बाबांनी हातात छिन्नी दिली — तेव्हापासून चाळीस वर्षं मेलेल्यांची नावं कोरतेय.

आणि गेल्या वर्षी एक म्हातारी आली, नवऱ्याच्या दगडासाठी. माझं नाव ऐकून म्हणते, "अगं बाई, मॅबेल थ्वेट म्हणजे ती तूच? मी होते त्या शिष्यवृत्तीच्या समितीत. तुझ्या सरांनी एकच ओळ लिहिली होती — मुलगी नाईस आहे, शब्दाच्या जुन्या अर्थानं. किती हसलो आम्ही!"

हसले म्हणे.

मग सर गेले आणि तुम्ही माझ्याच दारात आलात. खरं तर सांगणारच नव्हते तुम्हाला. गाव वाचेल, मान डोलावेल, मला एकटीला कळेल — तेवढं पुरे होतं. पण तुम्ही 'चूक' म्हणालात ना — माझ्या कामात चूक नसते! घासून? नाही निघणार. पाव इंच पुरतो, मी अर्धा इंच खोल गेलेय.

रडू नका हो. काय म्हणालात? कोण — सर? माझ्याबद्दल? "माझ्या हातून एक हुशार मुलगी वाया गेली"... कधी म्हणाले? दरवर्षी, निकाल लागला की?

मग माझ्या दारापर्यंत यायला काय झालं होतं त्यांना? दोन गल्ल्या, ऑर्मरॉडबाई. दोन गल्ल्या!

नाही, बदलणार नाही. उद्या गाडी दगड कबरीवर घेऊन जाईल. आता जा तुम्ही... जा म्हणते ना!